गाडी तुटकी, दंड कोणाला? एफ१ मधला निकाल आधीच कसा ओळखायचा

आमच्या ग्रुपवर रेस संपली की एक भांडण ठरलेलं असतं, अमक्याची गाडी अर्धी लोंबकळत होती तरी त्याला काही नाही आणि आमच्या माणसाला मात्र दंड, सगळे विकले गेलेत वगैरे वगैरे. मी पण आधी असाच बोंबलायचो. मग एका ऑफ सीझनला स्टुअर्डच्या, म्हणजे रेसच्या पंचांच्या, निकालांचे कागद वाचत बसलो (एफआयए, म्हणजे फॉर्म्युला वनचे नियम करणारी संस्था, तिच्या साईटवर फुकट असतात, एक-दोन पानांचेच) आणि कळलं की आपण भलतीकडेच बघत असतो. आपण बघतो गाडी किती तुटली. स्टुअर्ड बघतात, तुटलीये हे कोणाला कळलं, कधी कळलं, आणि कळल्यावर ते काय बोलले. एवढं धरलं की निम्मे निकाल घरबसल्या ओळखता येतात.

आधी एक शब्द पक्का करून ठेवा, कॉम्पिटिटर. निकालाच्या कागदावर वर ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर असतो, त्याखाली कॉम्पिटिटर, म्हणजे टीम. आपल्याला वाटतं कॉम्पिटिटर म्हणजे स्पर्धक म्हणजे ड्रायव्हर, पण तसं नाही, एन्ट्री ज्याच्या नावावर आहे तो कॉम्पिटिटर. आणि एफआयएचा कोड सांगतो की टीमकडून जो कोणी तिथे काम करतोय, मेकॅनिक असो इंजिनिअर असो की ड्रायव्हर, त्याने केलेल्या आणि न केलेल्या गोष्टींची जबाबदारी कॉम्पिटिटरची. गाडी तपासणीला आणून उभी केली याचाच अर्थ टीमने सांगून टाकलं की ही नियमात बसते. आणि हे तपासणीपुरतं नाही हां, सेशन चालू आहे तोपर्यंत गाडी सेफ ठेवायची जबाबदारी त्यांचीच. त्यामुळे "सकाळी तुम्हीच तर बघितली होती" हे कारण तिथे चालत नाही.

आता रेस बघताना काय करायचं. गाडीला काही लागलं, विंग (पुढचा-मागचा पंख) लोंबकळतेय, चाक वाकडं दिसतंय, की लगेच टीमच्या रेडिओकडे कान लावा. गाडीपेक्षा रेडिओ महत्त्वाचा. उत्तम उदाहरण म्हणजे सुझुका २०१९ (जपानचा वेगवान ट्रॅक). पहिल्याच लॅपला फेरारीचा लेक्लेर व्हर्स्टॅपनला घासला, फेरारीची पुढची विंग तुटली, तुकडा लोंबत होता. टीमने रेस कंट्रोलला (रेस चालवणाऱ्या अधिकाऱ्यांना) सांगितलं की आणतो गाडी आत. मग तो लोंबणारा तुकडा स्वतःच गळून पडला, आणि टीमला वाटलं चला, सुटलो, ड्रायव्हरला सांगितलं राहा बाहेरच. तोपर्यंत उडालेल्या तुकड्यांनी मागच्या हॅमिल्टनचा मिरर गेला होता, आणि लेक्लेर साहेब स्वतः एका हाताने आपला हलणारा मिरर धरून दुसऱ्या हाताने गाडी चालवत होते, ते पण सुझुकाला! निकाल काय आला बघा. धडकेबद्दल एकूण वेळेत ५ सेकंद वाढ, आणि तशा अवस्थेत गाडी चालवत राहिल्याबद्दल वेगळे १० सेकंद, शिवाय फेरारीला २५,००० युरो दंड. तुटली कशी याची शिक्षा वेगळी आणि तुटल्यावर काय केलंत याची वेगळी, हे विसरू नका, कारण टीव्हीवर कॉमेंट्रीवाले पण कधीकधी दोन्ही एकात कालवतात.

दुसरं उदाहरण कॅनडा, २०२४. रेड बुलचा पेरेझ भिंतीला लागला, मागची विंग गेली, आणि तरी तो सगळा ट्रॅकभर कार्बन फायबरचे तुकडे सांडत सांडत गाडी पिटपर्यंत (ट्रॅकशेजारची टीमची टायर-दुरुस्तीची जागा) घेऊन आला. सुनावणीत टीमने कबूलच केलं की सेफ्टी कार (सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवायला लावणारी गाडी) येऊ नये म्हणून आम्ही त्याला गाडी आणायला सांगितली, कारण पुढे त्यांचाच व्हर्स्टॅपन लीडवर होता. म्हणजे कळलं होतं, लगेच कळलं होतं, आणि कळूनही स्वतःच्या फायद्यासाठी चालवली. तिन्ही खाने भरले. पुढच्या स्पेनच्या रेसला सुरुवात ३ जागा मागून आणि रेड बुलला २५,००० युरो. गंमत म्हणजे त्याच भागात थोड्याच वेळात साईन्झ आणि अल्बन आपटले आणि सेफ्टी कार यायची ती आलीच.

इथे नियम साधा आहे, गाडीत गंभीर बिघाड झाला की सेफ असेल तितक्या लवकर ट्रॅक सोडायचा. "पिटमध्ये आणायची" असं त्यात नाही, "ट्रॅक सोडायचा" असं आहे. पण टीमच्या बाजूनेही बघा, थांबवण्याची किंमत असते. मेलबर्न २०१८ आठवतं का, हास टीमच्या दोन्ही गाड्या चौथ्या-पाचव्या नंबरवर होत्या, त्यांच्यासाठी स्वप्नच, आणि पिटस्टॉपला दोघांच्याही चाकाचा नट नीट बसला नाही, आटे तिरके चढले. टीमला कळल्या कळल्या त्यांनी दोघांना थांबवलं. ग्रोजाँ ट्रॅकच्या कडेला उभा राहिला, त्यामुळे व्हर्च्युअल सेफ्टी कार (गाडी नसते, पण सगळ्यांना हळू चालवावं लागतं) आली आणि तिच्या जोरावर वेटलने हॅमिल्टनची जिंकत आलेली रेस काढली. म्हणजे एका टीमने प्रामाणिकपणे गाडी थांबवली आणि निकाल फिरला तिसऱ्याच दोघांचा. हासला दंड झाला तो गाडी तशी सोडली म्हणून, पण थांबवल्यामुळे प्रकरण तेवढ्यावर मिटलं.

तर मग शिक्षा ड्रायव्हरला बसणार की टीमच्या खिशाला, हे कसं ओळखायचं? माझा ठोकताळा असा की आधी बघा गाडी अजून रेसमध्ये आहे का. असेल तर सेकंद, ५ किंवा १०, किंवा ड्राइव्ह-थ्रू (न थांबता पिट लेनमधून जायचं), किंवा स्टॉप-गो (पिटमध्ये ठरलेले सेकंद नुसतं उभं राहायचं). सेकंद ड्रायव्हरच्या नावावर लागतात पण चूक बहुतेक वेळा टीमची असते, ते सोडून द्या. गाडी रिटायर झाली असेल तर सेकंद लावून उपयोग काय, मग एकतर टीमला रोख दंड, नाहीतर पुढच्या रेसला ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेत) मागे, किंवा पेरेझसारखं दोन्ही. रेस संपायला आली आणि ड्राइव्ह-थ्रू भोगायला वेळच नसेल तर त्याचे २० सेकंद धरतात, १० सेकंदांच्या स्टॉप-गोचे ३० धरतात. हे आकडे पाठ करून ठेवा, निकाल आला की ३० कुठून आले म्हणून लोक हैराण होतात तेव्हा भाव खाता येतो.

पिटमधलं प्रकरण जरा वेगळं, इथे दोन गोष्टी लोक एकच समजतात. एक, गाडी दुसऱ्याच्या अंगावर सोडली, तो ब्रेक मारून वाचला, याला सहसा ५ सेकंद आणि विषय संपला. दुसरं, गाडीच धड नसताना सोडली, चाक सैल वगैरे. हे खरं भयंकर. मोन्झा २००० आणि मेलबर्न २००१, दोन्हीकडे अपघातात उडालेल्या चाकाने एकेक मार्शल (ट्रॅकवरचा मदतनीस) गेला, त्यामुळे सुटं चाक म्हटलं की स्टुअर्ड लोक विनोदाच्या मूडमध्ये नसतात. कोणी म्हणेल की चाकाला आता दोर असतात ना. असतात, पण ते दोर चाकामागच्या अपराइटला (चाक ज्यावर बसतं तो भाग) चॅसीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, बांधतात. नटच सैल असेल तर चाक अपराइटवरूनच निघून जातं, दोर बिचारा जागच्या जागी.

न्युरबर्गरिंग २०१३ ला वेबरचं चाक असंच पिट लेनमध्ये सुटलं आणि एका कॅमेरामनला जाऊन लागलं, त्याचं कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या. रेड बुलला ३०,००० युरो. त्यानंतर क्वालिफाइंग आणि रेसच्या वेळी मीडियावाल्यांना पिट लेनमधून बाहेर काढलं. बहरीन २०१८ ला रायकोननच्या गाडीचं मागचं डावं चाक काढलंच नव्हतं, तरी दिवा हिरवा झाला, तो निघाला, आणि समोर उभ्या मेकॅनिकचा पाय मोडला. फेरारीला ५०,००० युरो. तिथे रायकोननला काय म्हणणार, ड्रायव्हर आरशात बघून चाकं मोजत बसत नाही, दिवा बघतो आणि क्लच सोडतो.

पण हे न्यायाचं गणित कायम असंच नव्हतं. मलेशिया २०१४ ला रिकार्डोला चाक नीट न बसता सोडलं, त्याला १० सेकंदांचा स्टॉप-गो, आणि त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे पुढच्या रेसला आणखी १० जागा मागे. बहरीनला पोरगा क्वालिफाय झाला तिसरा आणि सुरू केलं तेराव्या जागेवरून (चौथा आला, ती गोष्ट वेगळी). एका चुकीला दोन रेसमध्ये मार आणि मार खाणारा तो, ज्याच्या हातात व्हील गन (चाकाचा नट आवळायचं मशीन) कधी नव्हतीच. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आताही पटत नाही. पुढे नियमात आलं की गाडी त्या चुकीमुळे रिटायर झाली तर टीमला दंड करता येईल, ते जरा माणसासारखं आहे.

अमेरिकेत नॅसकारवाल्यांनी (तिकडची कार रेसिंग) वेगळाच रस्ता धरलाय, तिथे सरळ माणसांना घरी बसवतात. २०२२ ला नवी गाडी आली, एका चाकाला एकच नट, आणि चाक सुटलं तर क्रू चीफ आणि दोन क्रूवाले चार रेस सस्पेंड. चाकं सुटतच राहिली. २०२३ ला ते कमी केलं, क्रू चीफला वगळलं आणि दोन क्रूवाल्यांना दोन रेस. गाडीवाल्याला रेसमध्ये जो मार बसायचा तो बसतोच, पण ज्याने नट लावला त्याचाही रविवार जातो. दंड भरणारी टीम श्रीमंत असेल तर तिला काय फरक पडतो हा प्रश्न तिथे थोडा तरी सुटतो.

"कोणाला कळलं होतं" या कसोटीचं सगळ्यात लख्ख उदाहरण मात्र हंगेरी २००९. त्या आठवड्याचं वातावरण आधी समजून घ्या. १९ जुलैला ब्रँड्स हॅचला एफ२ च्या रेसमध्ये दुसऱ्या गाडीचं सुटलेलं चाक डोक्याला लागून हेन्री सर्टीस गेला, अठरा वर्षांचा. २५ जुलैला हंगेरीच्या क्वालिफाइंगमध्ये बॅरिकेलोच्या गाडीतून निघालेली स्प्रिंग मासाच्या हेल्मेटवर आदळली. आणि २६ ला, रेसमध्ये, पोलवरून (पहिल्या जागेवरून) निघालेल्या रेनॉच्या अलोन्सोचं पुढचं उजवं चाक पिटस्टॉपनंतर बसलंच नव्हतं, आणि त्याच लॅपला ते निघून उड्या मारत गेलं. स्टुअर्डनी काय लिहिलं, तर नटाला अडकवणारी जी खीळ असते ती जागेवर नाही हे टीमला माहीत होतं, तरी गाडी पिट लेनमधून जाऊ दिली, आणि ड्रायव्हरला सांगितलंही नाही. शिक्षा, पुढच्या रेसमधून टीमच बाद. पुढची रेस कुठे, तर वॅलेन्सियाला, अलोन्सोच्या घरच्या प्रेक्षकांसमोर. मग रेनॉ अपीलात गेली आणि १७ ऑगस्टला शिक्षा बदलून समज आणि ५०,००० डॉलर दंड झाला, रेस ते खेळले. तिकीटविक्रीचा यात हात होता का यावर आमच्या ग्रुपवर अजून वाद होतो, मी काही बोलत नाही. पण मूळ निकालाचं वाक्य बघा, चाक सुटलं याच्यापेक्षा कळूनही सांगितलं नाही यावर भर आहे.

आता झेंडा. काळा झेंडा, मधे नारिंगी गोळा, सोबत गाडीचा नंबर. अर्थ, तुझ्या गाडीत धोकादायक बिघाड आहे, पिटमध्ये येऊन दुरुस्त कर, मग परत जा. लोकांना वाटतं झेंडा दाखवला नाही म्हणजे गाडी सेफ. अजिबात नाही, आणि हे ऑस्टिन २०२२ ने दाखवून दिलं. त्या वर्षी हासच्या मॅग्नुसनला तीनदा हा झेंडा मिळाला होता, कॅनडा, हंगेरी, सिंगापूर, तिन्ही वेळा पुढच्या विंगच्या टोकाची पट्टी लोंबतेय म्हणून, आणि तिन्ही वेळा रेसची माती. टीम आधीच धुमसत होती. ऑस्टिनला अलोन्सोची गाडी स्ट्रोलला लागून हवेत उडाली, खाली आली, आणि तशीच पुढे गेली, मिरर हलत हलत शेवटी पडला. हासने रेस कंट्रोलला दोनदा फोन केला. झेंडा नाही. रेस संपल्यावर त्यांनी प्रोटेस्ट (लेखी तक्रार) टाकला, पेरेझच्या गाडीवर पण टाकला, तो फेटाळला गेला. अलोन्सोच्या बाबतीत स्टुअर्ड म्हणाले की झेंडा दाखवला नाही ही काळजीची गोष्ट आहे खरी, पण गाडी सेफ ठेवणं ही टीमची जबाबदारी आहे आणि ती सेफ नव्हती. ३० सेकंद, सातव्यावरून पंधराव्यावर.

आणि मग चार दिवसांत सगळं उलटं झालं, म्हणून प्रोटेस्टचं घड्याळ समजून घ्यायला पाहिजे. प्रोव्हिजनल (तात्पुरता) निकाल लागल्यापासून ३० मिनिटांत प्रोटेस्ट द्यायचा असतो. हासचा २४ मिनिटं उशिरा आला होता. त्यांचं म्हणणं, आम्हाला सांगितलं होतं की तासभर आहे. अलोन्सोच्या टीमने, अल्पीनने, नेमका हाच मुद्दा पकडून फेरविचार मागितला, आणि पुढच्या रेसला मेक्सिकोत स्टुअर्डनी ठरवलं की वेळेत देणं शक्य होतं, हाताने कागदावर लिहून दिलं असतं तरी चाललं असतं. प्रोटेस्टच बाद, अलोन्सो परत सातवा. गाडी सेफ नव्हती हे मत कोणी खोडलं नाही, नुसतं घड्याळ आडवं आलं. आपल्याकडे कोर्टात "मुदतबाह्य" म्हणून फायली परत येतात ना, अगदी तसंच. तेव्हा निकाल फिरेल का याचा अंदाज बांधताना मिररचे फोटो झूम करत बसू नका, कागदावरची वेळ बघा. अजून एक, सेकंदांच्या आणि ड्राइव्ह-थ्रूच्या शिक्षेवर अपील होत नाही. फेरविचार मागता येतो पण त्याला नवा, महत्त्वाचा, आधी हाताशी नसलेला पुरावा लागतो.

कागद हातात आला की सरळ वरून खाली वाचू नका. खालचा रीझन नावाचा परिच्छेद आधी वाचा, मग फॅक्ट, आणि शिक्षेचा आकडा शेवटी. रीझनमध्ये टीमने काय कबूल केलं, कोणाला कधी सांगितलं, रेस कंट्रोलशी काय बोलणं झालं, हे असतं, आणि खरं भांडण तिथेच असतं.

अपवाद पण सांगतो, नाहीतर मी सोपं करून सांगितलं म्हणाल. सिल्व्हरस्टोन २०२० ला हॅमिल्टन शेवटचा अर्धा लॅप पंक्चर टायरवर आणून जिंकला, काही शिक्षा नाही. १९७९ ला झांडवूर्टला जिल व्हिलनव्ह मागचं चाक फरफटत अख्खा लॅप घेऊन पिटमध्ये आला तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आज तसं केलं तर सुनावणीची नोटीस गॅरेजमध्ये त्याच्या आधी पोचेल.

आणि उलटं प्रकरण इंडियानापोलिस २००५. टायर बनवणाऱ्या मिशेलिनने आपले टायर वापरणाऱ्या टीम्सना सांगितलं की तेरा नंबरच्या त्या तिरक्या वळणावर आमचे टायर टिकणार नाहीत. टीम्सनी फॉर्मेशन लॅप (रेसच्या आधीची फेरी) मारली आणि १४ गाड्या आत घेतल्या, ६ गाड्यांची रेस झाली (आपला नारायण कार्तिकेयन त्यातच चौथा आला, पॉइंट मिळवणारा पहिला भारतीय). कळलं, लगेच कळलं, आणि चालवली नाही, म्हणजे सगळं शहाण्यासारखं. तरी एफआयएने त्या सातही टीम्सना दोषी धरलं, एक म्हणजे योग्य टायर आणले नाहीत आणि दुसरं विनाकारण रेसला नकार दिला. महिन्याच्या आत ते मागे घेतलं म्हणा. पण यातून कळतं की जबाबदारी ट्रॅकवर सुरू होत नाही, सामान ट्रकमध्ये भरता तिथून सुरू होते.

शेवटी, जे कॉलेजच्या फॉर्म्युला किंवा बाहाच्या टीममध्ये आहेत (पोरं स्वतः गाडी बनवून पळवतात त्या स्पर्धा) त्यांच्यासाठी, कारण महाराष्ट्रातून दरवर्षी ढिगाने पोरं कोइंबतूर आणि पिथमपूरला जातात आणि तिथे स्टुअर्ड नाही, तुम्हीच असता. आम्ही टेस्टिंगला असताना ड्रायव्हर रेडिओवर म्हणाला की स्टिअरिंगमध्ये काहीतरी खटखट वाजतंय, आणि आम्ही म्हणालो दोनच लॅप राहिल्यात, काढ. आत आल्यावर बघितलं तर टाय रॉडचा (स्टिअरिंग पुढच्या चाकाशी जोडणारी दांडी) जॅम नट पार सैल, रॉड एंड (दांडीचं टोक) शेवटच्या आट्यांवर. कोणी बघितलं नाही, दंड नाही, काही नाही. मी रात्रभर झोपलो नाही. फेरारीने सुझुकाला जे केलं तेच आम्ही केलं होतं, फक्त आमच्यामागे हॅमिल्टन नव्हता.

तेव्हापासून आमच्याकडे असं होतं. प्रत्येक महत्त्वाचा नट टॉर्क केला की त्यावरून बोल्टपर्यंत पेंटची रेघ, रेघ तुटलेली दिसली की गाडी जागची हलत नाही. लॉकनटच्या बाहेर किमान दोन आटे दिसलेच पाहिजेत, तपासणीत पण ते बघतात. रेघ मारणारा एक आणि बघणारा दुसरा, एकाच माणसाने दोन्ही करायचं नाही. आणि रेडिओवर "थांब" म्हणायचा अधिकार सगळ्यांना, फर्स्ट इयरच्या पोराला पण, आणि "चालू दे" म्हणायचा फक्त एकाला, ज्याचं नाव आदल्या रात्री बोर्डवर लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षी ते नाव माझं होतं, आणि त्या दिवसात मी एकदाही "चालू दे" म्हणालो नाही.